चार हँडिकॅप, एक कोर्स: एका दिवसाच्या किंवा दोन मुक्कामांच्या गोल्फ सहलीसाठी निवड कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघे मित्र. तिघांचे हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूला किती फटक्यांची सवलत मिळावी ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला) ९, १८ आणि २८. चौथा जेमतेम वर्षभर खेळतोय, त्याचा हँडिकॅप अजून निघालेलाच नाही. आधी एक दिवस जाऊन यायचे, जमले तर पुढे दोन मुक्कामांची सहल करायची. सगळ्या कोर्सचे फोटो सारखेच देखणे दिसतात आणि रेटिंगचे आकडे कळत नाहीत, मग निवडायचे कशावरून?

खरे तर 'चांगला कोर्स कोणता' हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवावा असे मला वाटते. तुम्हाला हवा आहे तो चौघांनाही खेळता येईल आणि ठरल्या वेळेत संपेल असा राउंड, म्हणजे अठरा होलांचा पूर्ण खेळ. म्हणून मी क्रम असा ठेवतो: आधी गटातला सर्वांत कमी अंतर मारणारा खेळाडू, मग घड्याळ, मग त्या आठवड्यातली कोर्सची अवस्था, आणि कोर्सचे नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक गट नेमका उलटा क्रम लावतात. ऋतू, वारा, चालत खेळणार की कार्टमधून, खर्चाची तयारी किती, यांवर उत्तर बदलते. जिथे बदलते तिथे तसे सांगतो.

सुरुवात टीपासून, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात त्या जागेपासून करू, कारण कोर्सपेक्षा टीची निवड जास्त चुकते. एकच कोर्स मागच्या टीवरून ६८०० यार्डांचा आणि पुढच्या टीवरून ४८०० यार्डांचा असू शकतो, म्हणजे खेळायला ते दोन वेगळे कोर्सच झाले. ढोबळ हिशेब सोपा आहे: ५ आयर्नने (मध्यम अंतराच्या क्लबने, म्हणजे काठीने) तुम्ही सरासरी जेवढे यार्ड मारता त्याला ३६ ने गुणा. १४० यार्ड मारत असाल तर सुमारे ५००० यार्डांचा कोर्स तुमच्या मापाचा. ड्रायव्हरवरून, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबवरून बघायचे असेल तर २०११ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'टी इट फॉरवर्ड' मोहिमेतले आकडे आजही उपयोगी पडतात: ड्राइव्ह २५० यार्ड असेल तर ६२०० ते ६४०० यार्डांचा कोर्स, २२५ ला ५८०० ते ६०००, २०० ला ५२०० ते ५४००, १७५ ला ४४०० ते ४६००, आणि १५० ला ३५०० ते ३७००. इथे ड्राइव्ह म्हणजे नेहमीची सरासरी, घरंगळत गेलेले अंतर धरून. वर्षातून एकदा लागलेला सर्वांत लांब फटका यात धरू नका.

यामागचे कारण एका होलवरून कळेल. ४०० यार्डांचा पार ४ आहे, म्हणजे चार फटक्यांचा होल: दोन फटक्यांत ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) गाठायचे आणि तिथे दोन पुट, म्हणजे जमिनीवरून लोटलेले फटके; आणि तुमचा चौथा मित्र १७० यार्ड ड्राइव्ह मारतो. उरले २३० यार्ड. दुसरा फटका कितीही चांगला बसला तरी ग्रीन गाठता येत नाही, म्हणजे चूक न करताही तो एक फटका मागेच राहतो. अठरापैकी दहा होल असे निघाले की बाराव्या होलपर्यंत त्याचा उत्साह संपतो आणि गटाचा वेगही मंदावतो. तेव्हा कोर्स बघताना स्कोअरकार्डवर पहिली नजर सर्वांत पुढच्या टीच्या एकूण अंतरावर टाका. ते ५००० यार्डांच्या आत नसेल तर तुमच्या गटासाठी तो कोर्स मी यादीतून काढून टाकेन, मग बाकी कितीही नावाजलेला असो. चौघांनी एकाच टीवरून खेळले पाहिजे असा कुठलाही नियम नाही. ९ वाला मागून आणि नवा खेळाडू पुढून, हे अगदी रीतसर आहे. हँडिकॅपच्या हिशेबात ते धरलेलेच असते.

आता तुम्हाला अडलेले आकडे. स्कोअरकार्डवर प्रत्येक टीसमोर दोन आकडे असतात, कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, म्हणजे स्क्रॅच खेळाडूने त्या टीवरून साधारण किती फटक्यांत राउंड पूर्ण करावा, ती संख्या. उदाहरणार्थ ७१.८. स्लोप मात्र कोर्स एकंदर किती अवघड आहे ते सांगत नाही. इथे पुष्कळ जणांचा घोटाळा होतो. स्क्रॅच खेळाडूच्या तुलनेत सामान्य, म्हणजे साधारण २० हँडिकॅपच्या खेळाडूला तो कोर्स किती जास्त छळतो, हे स्लोप सांगतो. तो ५५ ते १५५ या मर्यादेत असतो आणि ११३ हा मधला, प्रमाण आकडा मानतात. कोर्स रेटिंग दोन्हीकडे ७२ च, पण एकीकडे स्लोप ११३ आणि दुसरीकडे १४० असेल, तर स्क्रॅच खेळाडूला दोन्ही सारखे वाटतील. पुरुषांच्या रेटिंगच्या हिशेबाने सामान्य खेळाडूला मात्र दुसरीकडे सुमारे ५ फटके जास्त लागतील.

२०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत एखाद्या कोर्सवर मिळणाऱ्या सवलतीचे, म्हणजे कोर्स हँडिकॅपचे सूत्र असे आहे: हँडिकॅप इंडेक्सला स्लोपने गुणायचे, ११३ ने भागायचे, आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार एवढे मिळवायचे. तुमच्याच गटावर लावून बघा. समजा 'क' कोर्सचे रेटिंग ६९.०, स्लोप १२०, पार (अठराही होलांचे मिळून) ७२. 'ख' कोर्सचे रेटिंग ७३.५, स्लोप १४०, पार ७२. इंडेक्स ९ असलेल्याचा कोर्स हँडिकॅप 'क' वर ७ येतो आणि 'ख' वर १३. अठरावाल्याचा १६ वरून २४ होतो. अठ्ठावीसवाल्याचा २७ वरून थेट ३६, म्हणजे प्रत्येक होलला दोन फटके जास्तीचे. कागदावर सामना बरोबरीचाच राहतो, कारण तेवढे फटके त्याला सवलत म्हणून मिळतात. पण तेवढे फटके त्याला प्रत्यक्ष मारावेही लागतात, झाडीत चेंडू शोधावे लागतात, आणि त्याचा वेळ चौघांचाही जातो. म्हणून मिश्र गटासाठी, कमजोर खेळाडू ज्या टीवरून खेळणार त्या टीचा स्लोप १२५ च्या आत असावा असे मी बघतो. १३० च्या वरचे कोर्स सगळेच खेळाडू पंधरा हँडिकॅपच्या आतले असतील तेव्हासाठी ठेवा. गटात स्त्री खेळाडू असतील तर त्याच टीचे त्यांच्यासाठीचे दोन्ही आकडे वेगळे असतात. ते कार्डावर स्वतंत्र छापलेले असतात, तेच घ्या.

अवघड कोर्सबद्दल संचालकच इशारा देत असतील तर तो गांभीर्याने घ्या. न्यू यॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅकच्या पहिल्या टीपाशी, हा कोर्स अतिशय अवघड असून फक्त निष्णात खेळाडूंनीच खेळावा, अशा अर्थाची पाटी कायमची लावलेली आहे. तो कोर्स चालतच खेळावा लागतो. त्याच आवारात आणखी चार कोर्स आहेत आणि मिश्र गटाची जागा तिथे आहे. एका आवारात अनेक कोर्स असलेली ठिकाणे तुमच्यासारख्यांना म्हणूनच सोयीची पडतात.

स्लोप अडचण किती ते सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. त्यासाठी उपग्रहाचा नकाशा उघडा आणि अठराही होल डोळ्यांखालून घाला, वीस मिनिटांचे काम आहे. मी प्रथम पुढच्या टीसमोर पाणी किंवा दरी आहे का ते पाहतो. चेंडू हवेतूनच पलीकडे गेला पाहिजे अशा जागेला फोर्स्ड कॅरी म्हणतात. १७० यार्ड ड्राइव्ह मारणाऱ्याचा चेंडू हवेतून १५० च्या आसपासच जातो. समोरून वारा असेल तर त्याहून कमी. त्यामुळे पुढच्या टीवरून १२० यार्डांपेक्षा लांब कॅरी दोनपेक्षा जास्त होलवर असेल, तर नवा खेळाडू तिथे खिसाभर चेंडू घालवणार हे धरून चाला. मग ड्राइव्ह पडते त्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना काय आहे ते बघा. दुसऱ्या होलचे फेअरवे (टी ते ग्रीनमधले कापलेल्या गवताचे पट्टे) लागून असतील तर वाकडा फटकाही पुढे खेळता येतो. दाट झाडी किंवा घरांची कुंपणे असतील तर चेंडू गेलाच, वर दंडाचा फटका. हरवलेला चेंडू शोधायला नियमाने ३ मिनिटे मिळतात. चौघांत मिळून दहा चेंडू हरवले तर नुसत्या शोधण्यातच अर्धा तास जातो.

त्याच नकाशावर एका होलचे ग्रीन आणि पुढच्या होलची टी यांतले अंतरही मोजा. ६००० यार्ड म्हणजे साडेपाच किलोमीटर, पण चालत राउंड करताना प्रत्यक्षात ८ ते १० किलोमीटर होतात. कारण चेंडूमागे नागमोडी चालावे लागते आणि होलांमधली अंतरे स्कोअरकार्डवर धरलेली नसतात. ग्रीन ते टी सरासरी १५० यार्ड असेल तर सतरा वेळा मिळून सव्वादोन किलोमीटर नुसते चालणे वाढते. जुन्या आटोपशीर कोर्सवर ही अंतरे लहान असतात. घरांच्या वसाहतीभोवती फिरवलेल्या कोर्सवर ती इतकी वाढतात की कार्टशिवाय गत्यंतर नसते. चालायची आवड असेल तर हे आधी बघाच. डोंगराळ जागी चढण वेगळी. तिथे उंचीचाही परिणाम होतो: १५०० मीटर उंचीवर विरळ हवेमुळे चेंडू साधारण ६ टक्के लांब जातो, म्हणजे १५० यार्डांचा क्लब १५९ ला पडतो. पहिले काही होल सगळेच ग्रीनच्या पलीकडे मारतात.

घड्याळाचा हिशेब अगदी साधा आहे आणि एका दिवसाची सहल फसते ती बहुधा इथेच. चौघांचा राउंड ४ ते साडेचार तासांचा. त्याआधी एक तास पोहोचणे, नोंद, थोडा सराव. नंतर एक तास. एकेरी प्रवास दीड तास धरला तर एकूण साडेनऊ तास झाले. जाऊन-येऊन सहलीसाठी दीड तासाच्या पलीकडचा कोर्स मी सहसा सुचवत नाही. दोन-अडीच तास गाडीत बसून आखडलेल्या कमरेने पहिली टी मारली की सुरुवातीचे चार होल शरीर मोकळे होण्यातच जातात. त्यापेक्षा लांबचा कोर्स मुक्कामाच्या सहलीसाठी राखून ठेवा.

राउंडला किती वेळ लागेल हे तुमच्याइतकेच टी-टाइममधल्या, म्हणजे गटांना सुरुवातीसाठी दिलेल्या वेळांमधल्या अंतरावर ठरते. चौघांच्या गटाला एखादा लांब पार ३ खेळून ग्रीन रिकामे करायला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. कोर्सवाले गट ८ मिनिटांनी सोडत असतील तर प्रत्येक गटामागे दोनेक मिनिटांची तूट साचत जाते. तुमच्याआधी पंधरा गट गेलेले असतील तर पहिल्या पार ३ वर अर्ध्या तासाची रांग असणारच, आणि मार्शल (गटांचा वेग राखणारा कर्मचारी) कितीही फिरला तरी ती हटत नाही. म्हणून फोनवर विचारा की दोन टी-टाइममध्ये किती मिनिटे सोडता. १० किंवा जास्त असेल तर उत्तम. ८ किंवा कमी असेल तर सकाळच्या पहिल्या तासातलीच वेळ घ्या, नाहीतर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. दुपारनंतरचे सवलतीचे दर आकर्षक असतात, पण सूर्यास्ताच्या चार तास आधी निघालेला गट गर्दीच्या दिवशी अठरा होल पूर्ण करेलच असे नाही. चौदा-पंधरा होल झाले तरी चालेल अशी तयारी असेल तरच ते घ्या. समुद्रकाठच्या कोर्सवर सकाळचा आणखी एक फायदा असतो: जमीन तापू लागली की समुद्रावरून वारा सुटतो, त्यामुळे सकाळी सातचा कोर्स आणि दुपारी दोनचा कोर्स यांत दोन-तीन क्लबांचा फरक पडू शकतो, म्हणजे त्याच अंतराला दोन-तीन पायऱ्या लांबचा क्लब लागतो. थंडीच्या दिवसांत मात्र पहिली वेळ धोक्याची. गवतावर दव गोठलेले असताना त्यावर पाय पडला तर पात्यांच्या पेशी फुटतात आणि ठसे काळे पडतात, म्हणून ते वितळेपर्यंत कोणालाही सोडत नाहीत आणि दिवसभराच्या सगळ्या वेळा पुढे सरकतात.

इथवरचे सगळे घरबसल्या होते: पुढच्या टीचे अंतर, स्लोप, नकाशावरची कॅरी आणि झाडी, प्रवासाचे तास. एवढ्यात दहा कोर्सची यादी तीनवर येते. पुढची माहिती मात्र फोन करूनच मिळते. बुकिंगच्या ॲपवर ती दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ग्रीनचे एरेशन कधी झाले किंवा कधी होणार आहे? पायाखाली दबलेल्या मातीत हवा-पाणी मुरावे म्हणून ग्रीनवर साधारण १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडून मातीच्या कांड्या काढतात आणि वर वाळू पसरतात. गवतासाठी हे आवश्यकच आहे. पण त्यानंतर दहा ते चौदा दिवस पुट उड्या मारत जातो, आणि गवताची वाढ मंद असेल तर त्याहूनही जास्त दिवस. अनेक ठिकाणी वर्षातून दोनदा हे होते. बऱ्याच कोर्सवर बुकिंग त्या दिवसांतही नेहमीसारखे चालू असते, कधी सवलतीत तर कधी पूर्ण दरात, आणि न विचारता सांगितले जाईलच असे नाही. ज्या कोर्ससाठी तुम्ही मुद्दाम प्रवास करणार त्याच्या बाबतीत हा एक प्रश्न चुकवू नका. उष्ण हवामानातल्या बर्म्युडा गवताच्या कोर्सवर हिवाळ्याआधी राय गवत पेरतात, तेव्हाही काही दिवस कोर्स बंद असतो किंवा कार्ट फक्त रस्त्यावरूनच न्यावी लागते.

कार्टचा विषय निघालाच आहे तर तेही विचारा: सध्या कार्ट फेअरवेवर नेऊ देता का? पावसानंतर 'फक्त कार्टच्या रस्त्याने' असा नियम लागतो. मग दरवेळी दोन-तीन क्लब हातात घेऊन फेअरवे ओलांडायचा आणि परत यायचे. त्यात राउंड सहज अर्धा तास लांबतो आणि चालणेही चुकत नाही. अशा दिवशी सरळ चालत खेळणे बरे, नाहीतर वाळूच्या जमिनीवरचा लिंक्स प्रकारचा कोर्स निवडावा, कारण वाळूतून पाणी पटकन निचरते. चिकणमातीवरचे, झाडांच्या सावलीतले कोर्स पावसानंतर दोन-दोन दिवस ओले राहतात.

ग्रीनचा वेगही विचारून घ्या. तो स्टिम्पमीटरने फुटांत मोजतात. ८ ते ९ फूट सगळ्यांना झेपतो. उताराचे ग्रीन आणि ११ च्या वरचा वेग एकत्र आले की नवा खेळाडू चार-चार पुट मारतो. त्याशिवाय पाहुण्यांना कोणत्या दिवशी खेळू देतात आणि हँडिकॅपचा दाखला लागतो का, हेही फोनवरच उरकून टाका. सेंट अँड्रूजचा प्रसिद्ध ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो. शनिवार-रविवारची सहल आखून तिथे पोहोचल्यावर हे कळले तर काय होईल ते सांगायला नको. तुमच्या चौथ्या मित्राकडे दाखला नाही, त्यामुळे ही अट आधी विचाराच. कॉलरचा शर्ट आणि मऊ स्पाइकचे बूट घालून गेलात तर पोशाखाची अडचण जवळजवळ कुठेच येत नाही. रद्द करण्याची मुदत, चौघांचे तिघे झाले तर पैसे कापतात का, आणि पावसाने राउंड अर्धवट राहिला तर काय, ही तिन्ही उत्तरे लेखी घ्या. राहण्यासह मिळणाऱ्या पॅकेजमध्ये पाऊस आला तरी पैसे परत नाहीत असे कलम पुष्कळदा असते.

परीक्षणे वाचायची तर गेल्या सहा आठवड्यांतलीच वाचा, आणि त्यांतही ग्रीनची अवस्था व राउंडला लागलेला वेळ एवढेच बघा. 'निसर्गरम्य' या शब्दावरून काहीच कळत नाही.

दोन मुक्कामांची सहल असेल तर क्रमाला महत्त्व येते. पहिल्या दिवशी प्रवास करून पोहोचल्यावर दुपारी रुंद फेअरवेचा, सोपा कोर्स घ्या. त्यात थकवाही उतरतो आणि तिथल्या गवताचा अंदाजही येतो. ज्यासाठी सगळे आलात तो मुख्य कोर्स दुसऱ्या दिवशी सकाळी. तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवरचे नऊ होल, किंवा अगदी पहाटेचा अठरा होलांचा राउंड. मुख्य कोर्स शेवटच्या दिवशी ठेवला की सगळ्यांचे लक्ष निघण्याच्या वेळेकडे राहते. एका दिवसात ३६ होल करायचा मोह होतो, पण साडेचार तासांचे दोन राउंड आणि मध्ये तासाची विश्रांती म्हणजे दहा तास उजेड लागतो, आणि वर्षभरच खेळलेल्या माणसाच्या तळव्याला दुसऱ्या राउंडमध्ये फोड येतात. तुमच्या गटात तरी ते करू नका. फार वाटलेच तर ९ आणि १८ वाल्या दोघांनी संध्याकाळी आणखी नऊ होल खेळावेत. मुक्कामाची जागा तिन्ही कोर्सपासून अर्ध्या तासाच्या आत असावी, त्यासाठी थोडे साधे हॉटेल घ्यावे लागले तरी हरकत नाही.

आता खेळाचा प्रकार. पहिल्या दिवशी स्क्रॅम्बल ठेवा: चौघांनी मारायचे, उत्तम चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथून मारायचा. नव्या खेळाडूवर दडपण येत नाही आणि हरवलेल्या चेंडूंमागे वेळही जात नाही. मुख्य कोर्सवर स्टेबलफोर्ड ठेवा, म्हणजे दर होलला गुण: सवलत धरून पार झाला की दोन गुण, त्याहून चांगले खेळलात तर जास्त, वाईट खेळलात तर कमी. त्यात गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलून पुढे जाता येते, त्यामुळे एखाद्या होलवर अकरा फटके मारत बसावे लागत नाही. चौथ्या मित्राला इंडेक्स नसल्यामुळे त्याच्यासाठी आपापसात एक आकडा ठरवून घ्या. मी ३६ पासून सुरुवात करायला सांगेन. पहिल्या दिवसाचे स्क्रॅम्बल हिशेबात येणार नाही, म्हणून मुख्य कोर्सचे पहिले नऊ होल झाल्यावर त्याचे गुण मोजा. ९ होलमध्ये १८ च्या आसपास गुण असतील तर आकडा बरोबर बसला. १२ च्या खाली असतील तर उरलेल्या नऊ होलसाठी त्याला आणखी चार-पाच फटके द्या.